महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल : बरिसालच्या वकिलाने लढवलेली निवडणूक आणि आपल्यासाठी उरलेले प्रश्न

५ ऑक्टोबर हा महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल यांचा स्मृतिदिन. दरवर्षी या सुमारास आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांच्याबद्दल दोन प्रकारचे मेसेज फिरतात. एका मेसेजमध्ये ते बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवणारे बंगालचे शिलेदार असतात. दुसऱ्यात ते मुस्लिम लीगवर विश्वास ठेवून फसलेले आणि पाकिस्तानातून परत आलेले मंत्री असतात. पहिला मेसेज आपले कार्यकर्ते पाठवतात. दुसरा बहुतेक वेळा आपल्याला धडा शिकवण्यासाठी पाठवलेला असतो. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यातून दोघेही एकेक साल उचलतात, १९४६ आणि १९५०.

आम्ही या लेखात १९३७ सालापासून सुरुवात करणार आहोत. त्या साली बरिसालच्या कोर्टात नुकताच उभा राहिलेला एक नमोशूद्र वकील, पाठीशी कोणताही मोठा पक्ष नसताना, राखीव नसलेल्या जागेवरून निवडणुकीला उभा राहिला आणि काँग्रेसच्या जमीनदार उमेदवाराला हरवून आमदार झाला. ही निवडणूक समजली नाही तर पुढचे १९४६ आणि १९५० नीट समजणार नाहीत, असे आमचे मत आहे. आज आपल्यातले अनेक तरुण वकिली करतात, गावपातळीवर हक्कांच्या केसेस लढतात आणि ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत उमेदवारीचा विचार करतात. त्यांनी तर हे आयुष्य मुळापासून वाचावे.

पाण्याच्या मुलुखातला समाज

जोगेंद्रनाथांचा जन्म २९ जानेवारी १९०४ रोजी बाकरगंज जिल्ह्यातल्या गौरनदी भागातील मैस्तारकांदी या गावी झाला. या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बरिसाल. आज हा सगळा प्रदेश बांगलादेशात आहे. नद्या, खाड्या आणि दलदल यांनी भरलेला हा मुलूख. पावसाळ्यात एका गावातून दुसऱ्या गावात जायचे तर होडीशिवाय पर्याय नसायचा. या पाण्यात भाताची शेती करणारे, होड्या वल्हवणारे आणि मासेमारी करणारे लोक म्हणजे नमोशूद्र.

सवर्ण समाज त्यांना चांडाळ म्हणत असे. सरकारी कागदांतही तेच नाव होते. ते नाव पुसून टाकण्यासाठी या समाजाने दीर्घ लढा दिला आणि १९११च्या जनगणनेत नमोशूद्र हे नाव अधिकृत करून घेतले. या जागृतीच्या मुळाशी ओराकांदीचे हरिचंद ठाकूर आणि त्यांचे पुत्र गुरुचंद ठाकूर यांची मतुआ चळवळ होती. हरिचंदांनी ब्राह्मणी कर्मकांड नाकारले. गुरुचंदांनी शाळा काढण्यावर सारा जोर दिला. महाराष्ट्रात जोतीराव फुले शिक्षणासाठी झगडत होते, त्याच शतकात पूर्व बंगालच्या दलदलीत दुसरी एक वाट तयार होत होती. जोगेंद्रनाथ या वाटेवरून आलेल्या पिढीचे होते.

घरची गरिबी होती. १९२४ साली ते मॅट्रिक झाले. पुढचे शिक्षण बरिसालच्या ब्रजमोहन कॉलेजात झाले. हे कॉलेज अश्विनीकुमार दत्त यांनी आपल्या वडिलांच्या नावाने काढले होते. अश्विनीकुमार हे बरिसालचे सर्वमान्य राष्ट्रीय नेते. दत्त घराण्याचे हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. १९२९ साली जोगेंद्रनाथ बी.ए. झाले आणि कायदा शिकण्यासाठी कलकत्त्याला गेले. तिथे शिकवण्या घेऊन आणि प्रूफे तपासून त्यांनी खर्च भागवला. १९३४ साली कायद्याची पदवी मिळाली. १९३६ मध्ये त्यांनी कलकत्त्यात वकिलीला सुरुवात केली, पण त्याच वर्षी ते बरिसालला परतले.

गावाकडे परतलेला वकील

कलकत्त्यात राहिले असते तर पैसा आणि ओळखी दोन्ही वाढल्या असत्या. बरिसालला परतण्याचा अर्थ समजण्यासाठी तिथल्या जमिनीची व्यवस्था माहीत हवी. १७९३च्या कायमधाऱ्याने बंगालची जमीन जमीनदारांच्या हाती गेली होती. बाकरगंज जिल्ह्यात तर जमीनदार आणि कसणारा शेतकरी यांच्यामध्ये मध्यस्थांच्या एकावर एक उतरंडी होत्या. प्रत्येक पायरीवरचा माणूस आपला हिस्सा काढून घेई. सगळ्यांत खाली चिखलात उभा असलेला शेतकरी नमोशूद्र असे किंवा मुसलमान असे. वरच्या पायऱ्यांवर आणि सावकाराच्या गादीवर मुख्यतः सवर्ण हिंदू असत.

अशा जिल्ह्यात खंडाची पावती, कर्जाचा कागद आणि कोर्टाचे समन्स या तीन गोष्टींवर माणसाचे घर टिकायचे किंवा बुडायचे. तो कागद वाचू शकणारा आणि कोर्टात बोलू शकणारा माणूस आपल्याच समाजातला असणे ही मोठी गोष्ट होती. आपल्याकडे आजही अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमध्ये एफआयआर कसा लिहिला गेला हे पाहणारा आपला वकील तालुक्याला असला की गावाचा धीर कसा वाढतो, हे आपण पाहतो. बरिसालच्या कोर्टातला नमोशूद्र वकील तेव्हा तसाच धीर होता.

या कामातून जोगेनबाबूंना एक गोष्ट दिसली. तिच्यावर ते पुढची तेरा-चौदा वर्षे ठाम राहिले. पूर्व बंगालातल्या दलित शेतकऱ्याचे आणि मुसलमान शेतकऱ्याचे पोटाचे प्रश्न एकच आहेत, दोघांचा जमीनदार एक आणि सावकारही एक, हे ते निरीक्षण. हा विचार त्यांना बरिसालच्या खेड्यांत आणि कोर्टाच्या आवारात मिळाला. त्यामुळे त्यांचे पुढचे राजकारण सत्तेच्या लोभातून आले असे म्हणणे आम्हाला पटत नाही.

१९३७ : राखीव नसलेली जागा

१९३५च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि १९३७ साली निवडणुका झाल्या. बंगाल विधानसभेत २५० जागा होत्या. पुणे करारानुसार त्यांपैकी ३० जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. जोगेंद्रनाथ यांच्यासाठी राखीव जागेचा मार्ग स्वाभाविक होता. ते मात्र बाकरगंज ईशान्य या ग्रामीण सर्वसाधारण मतदारसंघातून अपक्ष म्हणून उभे राहिले.

समोर काँग्रेसचे सरलकुमार दत्त होते. जिल्हा काँग्रेसचे पुढारी, जमीनदार आणि अश्विनीकुमार दत्त यांचे पुतणे. ज्या घराण्याने काढलेल्या कॉलेजात जोगेनबाबू शिकले, त्याच घराण्याच्या वारसाविरुद्ध ही लढत होती. मताचा अधिकारही तेव्हा सर्वांना नव्हता. कर भरणाऱ्यांना आणि काही प्रमाणात शिकलेल्यांनाच मत होते. म्हणजे सर्वांत गरीब माणूस मतदार यादीतच नव्हता. तरीही अपक्ष वकील जिंकला आणि काँग्रेसचा जमीनदार हरला.

या विजयाकडे आम्ही फार आदराने पाहतो. बाबासाहेबांनी त्याच वर्षी मुंबई प्रांतात स्वतंत्र मजूर पक्षाच्या बळावर निवडणूक लढवली होती. इकडे एक संघटना होती, कार्यकर्ते होते, महाड आणि काळारामचा वारसा होता. बरिसालमध्ये गावोगावचा विश्वास हीच जोगेनबाबूंची मुख्य शिदोरी होती. कोणत्याही पुढाऱ्याने त्यांना तिकीट दिले नव्हते, त्यामुळे कोणाचे देणेही लागत नव्हते. आयुष्यात पुढे त्यांना कितीतरी मोठी पदे मिळाली. पण ज्या पदासाठी ते फक्त आपल्या मतदारांना जबाबदार होते, असे पद बहुधा हेच.

सौदा करण्याची ताकद

विधानसभेत गेल्यावर त्यांनी दलित आमदारांचा स्वतंत्र गट बांधण्याचे काम हाती घेतले. १९३८ मध्ये असा गट उभा राहिला. सुरुवातीच्या काळात ते सुभाषचंद्र आणि शरत्‌चंद्र बोस या बंधूंच्या जवळ होते. १९४० मध्ये कलकत्ता महानगरपालिकेवर त्यांची निवड झाली. जोगेंद्रनाथ पहिल्यापासून लीगचे होते, असा समज करून देणाऱ्यांनी हा काळ वाचलेला नसतो. सुभाषबाबू काँग्रेसमधून बाहेर फेकले गेल्यानंतर काँग्रेसकडून दलितांना काही मिळेल ही आशा त्यांनी सोडली.

१९४२ मध्ये नागपूरला ऑल इंडिया शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी जोगेनबाबूंनी बंगालमध्ये तिची शाखा उभारली आणि ते बाबासाहेबांना आपले नेते मानू लागले. त्यांनी जागरण नावाचे साप्ताहिकही चालवले.

१९४३ मध्ये बंगालात ख्वाजा नझिमुद्दीन यांचे मंत्रिमंडळ बनत होते. लीगला बहुमतासाठी मते हवी होती. जोगेनबाबूंच्या बाजूने एकवीस दलित आमदार होते. त्यांनी पाठिंब्याची किंमत आधी ठरवून घेतली. तीन दलित मंत्री, दलितांच्या शिक्षणासाठी दरवर्षी पाच लाख रुपयांचे अनुदान आणि सरकारी नोकऱ्यांत ठरलेल्या प्रमाणाची अंमलबजावणी, अशा त्यांच्या अटी होत्या. त्यांच्यासह प्रेमहरी बर्मन आणि पुलिनबिहारी मल्लिक मंत्री झाले. जोगेनबाबूंकडे सहकारी पतपुरवठा आणि ग्रामीण कर्जबाजारीपणा हे खाते आले. खेड्यातल्या वकिलाला याहून योग्य खाते कोणते असणार?

इथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. १९४३ हेच बंगालच्या महादुष्काळाचे वर्ष. भुकेने मेलेल्या लाखो लोकांत भूमिहीन मजूर, मच्छीमार आणि होडीवाले मोठ्या संख्येने होते. ते मंत्रिमंडळ हा दुष्काळ थांबवू शकले नाही. मूळ दोष ब्रिटिश सरकारच्या युद्धकालीन धोरणाचा होता हे खरे. पण आपला माणूस मंत्रिमंडळात असला म्हणजे आपल्या माणसांचे प्राण वाचतीलच असे नाही, हेही तितकेच खरे. स्मृतिदिनाच्या लेखात अशी वाक्ये लिहिणे जड जाते, तरी ती लिहायलाच हवीत.

१९४६ : एका जागेच्या बळावर

१९४६च्या निवडणुकीत फेडरेशनची देशभर वाताहत झाली. त्याचे कारण पुणे कराराच्या रचनेत होते. राखीव जागेवर चारपेक्षा जास्त उमेदवार असतील तर दलित मतदार प्राथमिक फेरीत चार जण निवडत. अंतिम फेरीत मात्र सर्वसाधारण मतदारसंघातले सगळे मतदार मत देत. तिथे सवर्ण मते निर्णायक ठरत आणि ती काँग्रेसच्या उमेदवाराकडे जात. दलितांच्या पहिल्या पसंतीचा माणूस असा शेवटच्या फेरीत पडत असे. मुंबई प्रांतात फेडरेशनचा एकही आमदार निवडून आला नाही. बंगालमधून फेडरेशनचे एकटे जोगेंद्रनाथ निवडून आले.

त्यानंतर संविधान सभेची निवडणूक आली. आपल्या मेसेजमध्ये इथे बरीच गडबड असते. बाबासाहेब जेसोर-खुलना मतदारसंघातून निवडून आले आणि त्याची शिक्षा म्हणून ते जिल्हे पाकिस्तानला देऊन टाकले, असे आपण वर्षानुवर्षे फॉरवर्ड करतो. संविधान सभेसाठी जिल्हावार मतदारसंघ नव्हतेच. प्रांतिक विधानसभांचे आमदार पसंतीक्रमाने मत देऊन सदस्य निवडत होते. या पद्धतीत मोजक्या आमदारांची पहिल्या पसंतीची मते मिळाली तरी एक जागा निघू शकत होती. मुंबईत बाबासाहेबांच्या पाठीशी आमदार नव्हते. बंगालात जोगेनबाबू होते.

फेडरेशनचा आमदार एकच, म्हणजे बाकीची मते दुसऱ्या पक्षांतल्या आणि अपक्ष दलित आमदारांकडून आणायची होती. काँग्रेसचा दबाव होता. जोगेनबाबूंनी त्या आमदारांना एकेक करून गाठले आणि नमोशूद्र व राजबंशी समाजातल्या आमदारांची मते बाबासाहेबांकडे वळवली. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून आले. पुढे फाळणीमुळे बंगालची जागा गेली, तेव्हा बॅरिस्टर जयकरांच्या रिकाम्या जागेवर मुंबईतून त्यांची पुन्हा निवड झाली. म्हणून बंगालच्या निवडीचे महत्त्व कमी होत नाही. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेचे काम सुरू झाले, तेव्हा बाबासाहेब सभागृहात होते ते बंगालच्या मतांमुळे. त्या काळातल्या त्यांच्या कामामुळेच काँग्रेसलाही त्यांना पुन्हा निवडून आणणे गरजेचे वाटले. हे ऋण सांगण्यासाठी खोट्या कथेची गरज नाही. खरी हकिकत त्याहून मोठी आहे.

दिल्ली, कराची आणि फाळणी

१९४६च्या एप्रिलमध्ये जोगेनबाबू सुहरावर्दी यांच्या मंत्रिमंडळात सामील झाले होते. १६ ऑगस्टला कलकत्त्यात भयंकर दंगल पेटली. ऑक्टोबरमध्ये नोआखालीत हिंदूंवर हल्ले झाले आणि त्यांत नमोशूद्रही होरपळले. जोगेनबाबूंनी राजीनामा द्यावा म्हणून चहूबाजूंनी दबाव आला, धमक्यांची पत्रे आली. ते सरकारात राहिले. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस लीग दिल्लीच्या हंगामी सरकारात शिरली आणि आपल्या पाच जागांपैकी एक जिनांनी जोगेंद्रनाथांना दिली. निर्णयासाठी त्यांना फार थोडा वेळ देण्यात आला होता. बाबासाहेब तेव्हा लंडनला होते. त्यांनी नापसंती दाखवली तर आपण बाहेर पडू, या अटीवर जोगेनबाबूंनी होकार दिला. लंडनहून तारेने संमती आली, असे त्यांनी स्वतःच पुढे नोंदवून ठेवले आहे.

म्हणजे एका बाजूला ते देशाचे कायदामंत्री झाले होते आणि दुसऱ्या बाजूला हे पद पूर्णपणे दुसऱ्या पक्षाच्या वाट्यातून आले होते. १९३७च्या आमदारकीत आणि या मंत्रिपदात हाच फरक होता. तो फरक फाळणीच्या वेळी उघडा पडला.

बंगालची फाळणी होऊ नये असेच जोगेनबाबूंना वाटत होते. फाळणी झाली तर पूर्व बंगालातला नमोशूद्र आधार गमावून बसेल आणि पश्चिमेकडे गेलेला निराधार होईल, हे त्यांनी ओळखले होते. पण जून १९४७ मध्ये विधानसभेतल्या मतदानात काँग्रेसकडच्या बहुतेक दलित आमदारांनी फाळणीच्या बाजूने मत दिले. समाज दोन वाटांनी विभागला. गुरुचंदांचे नातू बॅरिस्टर प्रमथरंजन ठाकूर काँग्रेसबरोबर होते. जोगेनबाबू लीगबरोबर राहिले. जुलैमध्ये सिल्हेटच्या सार्वमतात त्यांनी पाकिस्तानच्या बाजूने प्रचारही केला. हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत वादग्रस्त निर्णय आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

१० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक झाली, तेव्हा हंगामी अध्यक्षाच्या खुर्चीवर बरिसालचा हा वकील होता. पाठोपाठ ते पाकिस्तानचे पहिले कायदा आणि कामगारमंत्री झाले. दिल्लीत बाबासाहेब भारताचे पहिले कायदामंत्री झाले. एकाच फेडरेशनचे दोन दलित नेते दोन नव्या देशांचे पहिले कायदामंत्री होते. मात्र नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पाकिस्तानातल्या दलितांनी भारतात निघून यावे असे जाहीर आवाहन केले. इथून दोघांचे मार्ग वेगळे झाले.

१९५० : राजीनामा

सप्टेंबर १९४८ मध्ये जिना गेले. पूर्व बंगालच्या मंत्रिमंडळात दलित मंत्री घ्यावा ही जोगेनबाबूंची मागणी दीर्घकाळ टोलवली गेली. केंद्रात मंत्री असूनही त्यांच्या शब्दाला स्वतःच्या प्रांतात वजन उरले नव्हते. डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातल्या कालशिरा गावात पोलिसांचा छापा पडला आणि झटापटीत एक शिपाई मरण पावला. त्यानंतर पोलीस, लष्कर आणि जमाव यांनी आसपासच्या नमोशूद्र वस्त्यांवर सूड उगवला. घरे लुटली, बायकांवर अत्याचार झाले, माणसे गाव सोडून पळाली. फेब्रुवारी १९५० मध्ये ढाक्यात आणि मग खुद्द बरिसाल जिल्ह्यात हत्याकांड सुरू झाले. ज्या गावांनी १९३७ साली त्यांना निवडून दिले होते, त्याच मुलुखात माणसे मारली जात होती.

जोगेनबाबू कालशिरात गेले, बरिसालमध्ये फिरले. एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करार झाला, पण जमिनीवर फार काही बदलले नाही. अखेर ते कलकत्त्याला आले आणि ८ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी पंतप्रधान लियाकत अली खान यांना राजीनाम्याचे दीर्घ पत्र लिहिले. त्या पत्रात आपण लीगबरोबर का गेलो, कोणत्या आशेने थांबलो, कोणकोणत्या गावांत काय घडले आणि आपल्याला किती वेळा शब्द देऊन फिरवले गेले, याचा तपशील आहे. कोर्टात कैफियत मांडावी तसे हे पत्र आहे. स्वतःच्या अंदाजाची चूकही त्यांनी त्यात लपवलेली नाही. पद सोडून स्वतःचे अपयश इतक्या तपशिलाने जाहीर करणारे नेते आपल्याला किती आठवतात? वर्षभराच्या आत, सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनीही भारताच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला.

पुन्हा उमेदवार

कलकत्त्यात परतलेल्या जोगेंद्रनाथांना कोणी मान दिला नाही. सवर्ण वृत्तपत्रांनी आणि राजकारण्यांनी त्यांना जोगेन अली मोल्ला म्हणून हिणवले. माजी केंद्रीय मंत्री असलेला हा माणूस कलकत्त्याच्या झोपडवस्तीत राहिला. पण गप्प बसला नाही. पूर्व बंगालातून येणाऱ्या निर्वासितांत आता नमोशूद्र शेतकऱ्यांचे लोंढे होते. आधी आलेल्या सवर्ण निर्वासितांनी कलकत्त्याच्या आसपास वसाहती उभारल्या होत्या. मागून आलेले दलित शेतकरी कॅम्पांत अडकले आणि सरकारने त्यांना बंगालबाहेर दंडकारण्यात पाठवण्याचे ठरवले. पाण्यात जगलेल्या माणसांना कोरड्या माळावर फेकून देण्याला जोगेनबाबूंनी विरोध केला. सभा घेतल्या, मोर्चे काढले, तुरुंगातही गेले.

आणि ते निवडणुका लढवत राहिले. १९५० नंतर त्यांनी लढवलेल्या एकाही निवडणुकीत त्यांना यश आले नाही. साठच्या दशकात त्यांनी बंगालमध्ये रिपब्लिकन पक्षाचे काम केले आणि १९६७ सालीही ते हरले. याचे कारण उघड आहे. त्यांचे मतदार उरलेच नव्हते. काही सीमेपलीकडे राहिले होते, काही कॅम्पांत होते, काही दंडकारण्यात विखुरले होते. बरिसालच्या गावांनी एकगठ्ठा दिलेले मत फाळणीने देशभर उधळून टाकले होते. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी बनगाव येथे त्यांचे निधन झाले. पश्चिम बंगालमध्ये तेव्हा मध्यावधी निवडणुकीचे वारे वाहत होते. वयाच्या चौसष्टाव्या वर्षीही ते घरी बसलेले नव्हते, निर्वासितांच्या सीमाभागात होते.

आपण काय घ्यायचे

नागरिकत्व कायद्याच्या वादात संसदेतही जोगेंद्रनाथांचे नाव घेतले गेले. दलितांनी मुसलमानांबरोबर जाऊ नये, एवढाच अर्थ त्यांच्या आयुष्यातून काढला जातो. आम्हाला हा अर्थ अपुरा वाटतो. त्यांच्या पत्रातला पाकिस्तानी राज्यकर्त्यांवरचा आरोप खरा आहे. पण ते लीगकडे का गेले, काँग्रेसने आणि सवर्ण बंगाली समाजाने त्यांच्यासाठी कोणता रस्ता मोकळा ठेवला होता, परत आल्यावर त्यांना कसे वागवले, हे प्रश्नही तितकेच खरे आहेत. जे आज त्यांचे नाव घेतात, त्यांनी कॅम्पांतल्या नमोशूद्रांचे काय झाले हेही सांगावे.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांपैकी अनेक कुटुंबे चंद्रपूर आणि गडचिरोली भागात वसवली गेली. बंगालमध्ये अनुसूचित जातीत असलेल्या नमोशूद्रांचा महाराष्ट्राच्या यादीत समावेश नाही. त्यांची मुले जातीच्या दाखल्यासाठी वर्षानुवर्षे मागणी करत आहेत. ज्या समाजाच्या आमदारांनी बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवले, त्याच समाजाला बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात संविधानातली सवलत मिळत नाही. विदर्भातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी या वस्त्यांत जाऊन बसावे, त्यांचे कागद पाहावेत आणि त्यांच्या मागणीला साथ द्यावी. स्मृतिदिन साजरा करण्याची याहून चांगली रीत आम्हाला सुचत नाही.

आणि जे तरुण उमेदवारीचा विचार करत आहेत, त्यांनी १९३७ आणि १९४६ शेजारी ठेवून पाहावीत. युती करावीच लागते, जोगेनबाबूंनीही केली. १९४३ मध्ये एकवीस आमदार पाठीशी होते, तेव्हा त्यांनी अटी घातल्या. १९४६ नंतर पाठीशी संख्या नव्हती, तेव्हा दुसऱ्यांनी दिलेले पद स्वीकारले, आणि संकट आल्यावर त्या पदाने एका गावाचेही रक्षण करता आले नाही. संख्या कमी झाली याला बऱ्याच अंशी पुणे कराराची निवडणूक पद्धत जबाबदार होती, हे विसरून त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण तिकीट कोण देतो याची चौकशी करण्याआधी आपल्या गावांत आपले किती मतदार आपल्या शब्दावर उभे राहतील, याची मोजणी करावी, एवढे तर आपल्या हातात आहे. बरिसालच्या वकिलाने सुरुवात तिथूनच केली होती.

महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जय भीम!